हॅलमसाहेबांचा शब्द

३ मार्च

वॉशिंग्टनला पोचले. बहिणीकडे, लूएलाच्या माडीवरच्या खोलीत कपडे लावले आणि खिडकीत उभी राहिले. खालून कितीतरी माणसं गेली, एकानेही वर बघून हात केला नाही. आमच्या मार्ल्स बेंड गावात असं झालं असतं तर मला वाटलं असतं, आपण मेलो आणि आपल्यालाच कुणी कळवलं नाही.

दैनंदिनी लिहायची कल्पना ऑरिनची. "रोज फोनवर सगळं सांगत बसलीस तर माझ्या बास्केटबॉलच्या मॅचेस बुडतील. लिहून ठेव, आल्यावर वाचून दाखव," म्हणाला. तो ऐकणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. इतक्या वर्षांच्या नवऱ्याचं एवढं तरी कळतं.

तर पहिल्या पानावर कारण लिहून ठेवते. आमचं कोळशाचं वीजकेंद्र बंद होणार. ते गेलं की त्याच्या करावर चालणारी शाळा जाईल, दवाखाना जाईल, आणि मग गावात राहील ती नदी आणि आम्ही म्हातारे. पण सेनेटमध्ये स्वच्छ ऊर्जेचं जे विधेयक आलंय त्यात आमच्यासारख्यांसाठी एक कलम आहे. जिथे कोळशाचं केंद्र बंद होतं तिथेच, त्याच जमिनीवर, त्याच तारांना जोडून कुणी सौर वीज आणि बॅटऱ्यांचं केंद्र उभारलं तर सरकार करात मोठी सवलत देणार. जानेवारीत केंद्र चालवणाऱ्या आमच्या लिंडेल पॉवर कंपनीचे मुख्य, हॅलमसाहेब, स्वतः गावात आले. शाळेच्या व्यायामशाळेत भर सभेत म्हणाले, "हे कलम लिंडेलला हवंय. ते पदरात पडेपर्यंत मी गप्प बसणार नाही." सगळी सभा उठून उभी राहिली होती. ऑरिनसुद्धा, गुडघा दुखत असताना.

मग त्यांनी मला बोलावलं. मी कंपनीत लोकसंपर्क बघते, म्हणजे नाताळची मिरवणूक, मुलांच्या शिष्यवृत्त्या, आणि राख उडून कुणाचे वाळत घातलेले कपडे खराब झाले की त्यांच्या शिव्या. साहेब म्हणाले, वॉशिंग्टनला आपल्यातलं कुणीतरी हवं.

लूएलाने हे ऐकून कॉफीचा कप खाली ठेवला. "कंपनीकडे सेनेटरांची मनं वळवणाऱ्या पगारी लॉबिस्टांची फौज आहे, आणि पाठवलं कुणाला, तर तुला?"

"तेच तर. केवढा मान दिला."

"हो," ती म्हणाली, "बघू या कसला ते."

माझी थोरली बहीण. तिला कुणाचं चांगलं दिसत नाही असं नाही, पण दिसायला वेळ लागतो.

६ मार्च

कंपनीचे इथले लॉबिस्ट प्रेस्टन वेल यांनी जेवायला नेलं. इतका सभ्य माणूस मी पाहिला नाही. खुर्ची मागे ओढून दिली, माझ्या नातवंडांची नावं विचारली आणि जेवण संपेपर्यंत लक्षातही ठेवली.

मी म्हटलं, "मग सेनेटरबाईंना कधी भेटायचं?" आमच्या राज्याच्या सेनेटर ब्रॅकेट, हे विधेयक ज्या समितीपुढे आहे तिच्यावर आहेत. त्यांचं मत इकडे की तिकडे, यावरच विधेयक अडलंय म्हणतात.

वेल हसले. "मिसेस प्रूइट, हे शहर म्हणजे पावाचं पीठ आहे. फुगायच्या आधी भट्टीत घातलं की दगड होतो. मी वेळ आली की सांगेन. तोवर संग्रहालयं बघा. तिकीट नसतं."

"पण तेवढ्यात कुणी कलम काढून टाकलं तर?"

"त्यासाठीच तर मी आहे."

मनावरचं ओझं उतरलं. ज्याला कळतं त्याने करावं. मला राजकारणातलं कळत नाही, पण पाव मी आयुष्यभर भाजलेत, आणि पिठाबाबत तरी ते चुकीचं सांगत नव्हते.

११ मार्च

संग्रहालयं. हत्ती पाहिला, हिरा पाहिला, चंद्रावरचा दगड पाहिला. वेल यांना फोन केला, ते बैठकीत होते. पाय सुजलेत.

१६ मार्च, रविवार

चर्चहून आल्यावर लूएलाशी वाजलं. तिने एका सेनेटरच्या कचेरीत फोन घेण्यात आयुष्य काढलंय, त्यामुळे तिला वाटतं की या शहरातल्या सगळ्या भिंतींना तिने कान लावलेत.

म्हणाली, "तुमची कंपनी वीज कंपन्यांच्या संघटनेत आहे ना? ती संघटना या विधेयकाच्या मुळावर उठलीय, माहीत आहे का तुला? त्यात धुरावर मर्यादा आहे. ती यांना नकोय. आता सरळ विधेयक पाडायला गेलं तर बदनामी होते. म्हणून काय करायचं, तर तुमच्या गावांचं ते कलम हळूच उपटायचं. ते गेलं की ब्रॅकेटबाई मत देणार नाहीत. मग विधेयक आपलं आपण मरतं आणि खून कुणाच्याच नावावर लागत नाही."

"संघटना करत असेल. हॅलमसाहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

"कंपन्या दोन्ही डगरींवर हात ठेवतात, व्हर्ना. गावात एक बोलायचं, इथे एक."

"त्यांचे वडील आमच्याच केंद्रात बॉयलरवर होते."

"बरं. मग त्यांच्या वडिलांना पाठवायचं होतं."

मी भांडी घासायला घेतली. भांडी घासताना मला बोलता येत नाही हे तिला लहानपणापासून माहीत आहे. थोड्या वेळाने ती फडकं घेऊन शेजारी उभी राहिली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अगं, सेनेटर तुझी आहे. मत तू दिलंस. तुला तिच्या दारात जायला त्या वेलची चिठ्ठी कशाला लागते? उठ आणि जा."

खरंच, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही. वेलना त्यांची इतकी कामं, माझा तेवढाच हातभार.

१८ मार्च

गेले. रिकाम्या हाती कुणाकडे जायची सवय नाही, म्हणून काल पेपरोनी रोल, म्हणजे आत मसालेदार सॉसेज भरलेले आमच्याकडचे छोटे पाव, भाजले होते. लूएला म्हणाली, "लॉबिस्टाकडून जेवण घ्यायचं नाही असा नियम आहे. आणि तू आता कागदोपत्री लॉबिस्ट आहेस." मी डबा परत ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "पण उभ्याने खाल्लं तर ते जेवण धरत नाहीत." मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती.

सेनेटरबाईंच्या ऊर्जेच्या सल्लागार मिस सटर भेटल्या. तिशीच्या असतील, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बाई बसायला गेल्या, डब्याचा वास आला, आणि पुन्हा उभ्या राहिल्या. माझी आजी असेच रोल करायची, म्हणाल्या. त्याही आमच्याकडच्याच, दोन डोंगर पलीकडच्या. मग आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहूनच बोललो.

मी गावाबद्दल सांगितलं, कलमाबद्दल सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण कपाळावर आठी. मध्येच म्हणाल्या, "मिसेस प्रूइट, मला जरा गोंधळायला होतंय. तुमच्या कंपनीचे मिस्टर वेल गेल्या आठवड्यातच येऊन गेले. ते म्हणाले, लिंडेलला या कलमात रस नाही. काढलं तर बरंच होईल."

मला हसूच आलं. म्हटलं, "त्यांच्याकडे गिऱ्हाइकं फार आहेत. दुसऱ्या कुणाचं आमच्या नावावर सांगितलं असेल. डॉक्टरांचंही होतं असं कधीकधी."

"खात्री आहे तुमची?"

मग मी त्यांना व्यायामशाळेतली सभा सांगितली. साहेब काय म्हणाले, ते शब्दन् शब्द. कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तेही. मिस सटर खायच्या थांबल्या.

"हे ते सगळ्यांसमोर बोलले?"

"सगळा गाव होता. स्थानिक वार्ताहरही होता, पण तो बिचारा पुढच्या रांगेत झोपला होता."

त्या खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, "दोन एप्रिलला समितीची सुनावणी आहे. कोळशाच्या एका गावाचे महापौर साक्ष द्यायला येणार होते, त्यांचं ऑपरेशन निघालंय. तुम्ही याल? कंपनीतर्फे नाही. मार्ल्स बेंडच्या रहिवासी म्हणून."

मी म्हटलं, हॅलमसाहेबांना विचारून सांगते. पण नाही म्हणण्यासारखं त्यात काय आहे ते मला दिसत नाही.

१९ मार्च

वेलना फोन करून साक्षीचं सांगितलं, आणि गंमतही, की मिस सटरबाईंचा तुमच्याबद्दल कसा गैरसमज झालाय.  

"तुम्ही परस्पर जायला नको होतं," ते म्हणाले.

"अहो, पण त्यांना चुकीचं कळलं होतं, ते बरोबर करून आले."

"मिसेस प्रूइट, इथे काही दारं उघडी ठेवावी लागतात. काही अर्धवट. साक्षबिक्ष विसरा. कंपनीच्या कुणी समितीपुढे परवानगीशिवाय तोंड उघडलं तर नोकरीवर येऊ शकतं, आणि निवृत्तीला तुम्हाला फार दिवस नाहीत असं ऐकतो. घरी जा. विश्रांती घ्या. तुम्हाला खोकला झालाय."

खोकला तर झालाच होता. लक्ष आहे त्यांचं.  पण फोन ठेवल्यावर, खरं लिहायचं तर, क्षणभर मनात फार वाईट विचार आला. लूएला म्हणते ते खरं असेल तर? असलं तर आम्ही सगळे त्या सभेत कशासाठी उठून उभे राहिलो होतो? मग माझी मलाच लाज वाटली. बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

हॅलमसाहेबांच्या कचेरीत निरोप ठेवलाय.

२३ मार्च, रविवार

दुपारी साहेबांचाच फोन आला. कचेरीतून नाही, गाडीतून. गाडी कुठेतरी बाजूला उभी केली असावी, कारण मागून ट्रक जात होते.

मी सगळं सांगितलं. वेल काय म्हणाले तेही, गैरसमज नको म्हणून. म्हटलं, "साहेब, तुम्ही नको म्हणत असाल तर मी आजच घरी जाते. पण त्या बाईंनी विचारलं की तुमचा शब्द खरा आहे का, तर मी काय सांगू?"

ट्रक गेला. आणखी एक गेला.

"व्हर्ना, तुला गावाची म्हणून बोलावलंय की कंपनीची?"

"गावाची म्हणून बोलावलंय."

"गावातल्या माणसाने कुठे काय बोलावं हे मी सांगू शकत नाही. कायद्यानेच नाही सांगू शकत. हे ध्यानात आलं?"

"नाही आलं, साहेब."

"मी तुला हो म्हटलेलं नाही," ते अगदी सावकाश म्हणाले. "आणि नाहीही म्हटलेलं नाही. तेवढं लक्षात ठेव. आणि कुणी विचारलं तर मी काय बोललो होतो ते जसंच्या तसं सांग. पदरचं घालू नकोस."

"पदरचं कशाला घालू? तुम्ही छानच बोलला होता."

ते हसले की खोकले कळलं नाही. रस्त्यावर उभे राहून फोन करायची वेळ आली बिचाऱ्यांवर. कंपनीचं संचालक मंडळ फार कामाला लावतं म्हणतात.

ऑरिनला सांगितलं. म्हटलं, नोकरी गेली तर? तो म्हणाला, "गेली तर गेली. मासे पकडायला शिकवेन. तू न बोलता परत आलीस तर मात्र मला दुकानात जाताना मान खाली घालावी लागेल, आणि मला मानेचा आधीच त्रास आहे."

२ एप्रिल

झालं. साक्ष देऊन आले.

टेबलाशी आम्ही तिघे. मी, एक प्राध्यापक, आणि माझ्या शेजारी वीज कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. गोरटेले, हसरे, त्यांनी माझ्या ग्लासात पाणी ओतून दिलं. वेल मागच्या रांगेत होते. मी हात केला, त्यांनी पाहिलं नाही.

अध्यक्ष आधी बोलले. हेतू चांगला आहे, पण या कलमाने बाजार बिघडेल, आणि "आमच्या सर्व सदस्य कंपन्यांचं यावर एकमत आहे." मला वाटलं, हे म्हातारे गृहस्थ चुकीची माहिती घेऊन आलेत आणि आता सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार. हळूच त्यांच्या कानात सांगावं का? पण समोर माइक होता.

माझी पाळी आली. लिहून आणलेलं वाचताना पहिलं वाक्य दोनदा वाचलं गेलं. मग ब्रॅकेटबाईंनी चष्मा काढला. "ते राहू द्या, मिसेस प्रूइट. मला फक्त एवढं सांगा, तुमच्या केंद्राची मालक कंपनी या कलमाच्या बाजूने आहे की विरुद्ध?"

"बाजूने आहे, सेनेटर."

"कशावरून?"

मग मी सांगितलं. जानेवारी, व्यायामशाळा, हॅलमसाहेब. जसंच्या तसं. "हे कलम लिंडेलला हवंय. ते पदरात पडेपर्यंत मी गप्प बसणार नाही."

बाई अध्यक्षांकडे वळल्या. "लिंडेल पॉवर तुमच्या संघटनेत आहे ना?"

"आहे, पण..."

"मग एकमत कुणाचं?"

ते म्हणाले, याबाबत कंपनीशी बोलून कळवू. मला त्यांची दया आली. म्हटलं, "सेनेटर, यात यांची चूक नाही. यांना कुणी सांगितलं नसेल. पण हॅलमसाहेबांना मी लहानपणापासून ओळखते. शब्द देऊन फिरणाऱ्यातले नाहीत ते. त्यांना आत्ता फोन केलात तर हेच सांगतील."

मागे वार्ताहरांच्या बाकांवर एकदम हालचाल झाली, दोघेतिघे उठून बाहेर गेले. त्यांना बहुतेक चहापाण्याला जायचं असावं. वेलही गेले.

बाहेर व्हरांड्यात मिस सटर भेटल्या. माझे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. 

३ एप्रिल

दुपारच्या बातम्यांत आलं. लिंडेल पॉवरच्या मुख्यांनी "पूर्वी जाहीर केल्याप्रमाणे" कलमाला पूर्ण पाठिंबा असल्याचं पुन्हा स्पष्ट केलं. आणखी दोन कंपन्यांनीही तसंच सांगितलं. म्हणजे त्यांच्याही मनात होतं, कुणीतरी आधी बोलायचा अवकाश होता.

मी लूएलाला म्हटलं, "बघ. म्हटलं नव्हतं मी?"

ती हसायला लागली. इतकी हसली की स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसावं लागलं तिला, डोळे पुसावे लागले. मग माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "खरं सांग व्हर्ना. तू वेड पांघरलंयस की खरोखरच इतकी भोळी आहेस?"

"मी काय केलं? काय झालं ते सांगितलं."

"तेच इथे कुणी करत नाही गं," ती म्हणाली आणि उठून माझ्या कपाळाचा मुका घेतला. आई गेली तेव्हापासून तिने असं केलं नव्हतं.

दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

२१ मे

घरी आहे. समितीत मतदान झालं. कलम शाबूत, ब्रॅकेटबाईंचं मत विधेयकाच्या बाजूने. मिस सटरने स्वतः फोन केला. मी अंगणात टोमॅटोची रोपं लावत होते, तशीच मातीच्या हातांनी फतकल मारून बसले. ऑरिनला वाटलं चक्कर आली. तो धावत आला, म्हणजे त्याच्या गुडघ्याला झेपेल तेवढा. सांगितल्यावर तोही शेजारी बसला. मग दोघांनाही उठवायला शेजारच्यांना हाक मारावी लागली.

९ जुलै

वेल आता लिंडेलचं काम बघत नाहीत असं कळलं. चांगली माणसं टिकत नाहीत. त्यांना आभाराचं कार्ड पाठवलं, अजून उत्तर नाही.

२६ सप्टेंबर

विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कायदा झाला. चर्चची घंटा कुणी वाजवली ते कुणी कबूल करत नाही.

१८ ऑक्टोबर

आज जुन्या कोळशाच्या ढिगाच्या जागेवर नव्या केंद्राची पहिली कुदळ मारली. गार वारा होता, ऊन छान होतं. ऑरिनने बॅटऱ्यांच्या प्रशिक्षणाला नाव घातलंय. वर्गात सगळ्यात म्हातारा तोच, पण म्हणतो, आयुष्यभर केंद्रातून अंगावर राख घेऊन घरी आलो, आता स्वच्छ शर्टाने आलो तर तू दार उघडशील ना.

मला कंपनीने नवी जागा दिलीय. जुन्या केंद्राच्या इतिहासाचं छोटं दालन करायचंय, ते मी बघायचं. वरून आलेल्या पत्रात असं आहे की माझ्यावर यापुढे वॉशिंग्टनच्या कामाचा भार टाकला जाणार नाही, कधीही. किती विचार केला माझा. लूएलाला वाचून दाखवलं तर फोनवर पुन्हा हसू. तिला हल्ली कशाचंही हसू येतं.

समारंभ संपल्यावर हॅलमसाहेब लोकांतून वाट काढत माझ्याकडे आले. बरेच वाळलेत, पण चेहरा निवळलाय, आजारातून उठलेल्या माणसासारखा. आम्ही दोघं नदीकडे तोंड करून उभे राहिलो.

"तुला पाठवताना मी मंडळाला काय सांगितलं होतं माहीत आहे?" ते म्हणाले. "म्हटलं, गावाचं समाधान म्हणून एक साधं माणूस पाठवतोय. त्याने कुणाला काही त्रास होणार नाही."

"झालाही नाही," मी म्हटलं. साधं माणूस म्हणाले, बरं वाटलं. आजकाल कुणी म्हणत नाही.

"नाही झाला," ते म्हणाले. "व्हर्ना, एक विचारू? त्या दिवशी तिथे बोलताना कंपनीत आत काय चाललं होतं ते तुला ठाऊक होतं का?"

"काय, साहेब?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग खांदे सैल सोडले, खोल श्वास घेतला, आणि हसले. व्यायामशाळेत हसले होते तसं नाही, लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर गळ टाकून बसायचे तेव्हा हसायचे तसं.

"काही नाही," म्हणाले. "चल, थंडी वाजतेय, कॉफी घेऊ."

आत गेलो. त्यांनी दोन कप भरले, एक मला दिला, आणि गावातल्या सगळ्यांसारखेच रांगेत उभे राहून फळांची पेस्ट्री खायला लागले. सफरचंदाची संपली होती, म्हणून मी माझी अर्धी त्यांना दिली.